शब्दाची जात कोण ठरवते? इंग्रजी व्याकरणाविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्रजी शब्दांच्या जाती आणि इंग्रजी वाक्याची मूळ रचना यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. इंग्रजी वाक्ये देवनागरीत छापली आहेत. ती शक्यतो मोठ्याने वाचावीत, कारण इंग्रजीत शब्दाच्या शेवटी होणारे बारीक बदल डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतात.

प्रश्न : शब्दकोशात 'राउंड' या एकाच शब्दापुढे नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय अशा पाच जाती दिलेल्या आढळतात. परीक्षेत 'अधोरेखित शब्दाची जात ओळखा' असे विचारले, तर यांपैकी कोणती लिहायची? पाठ केलेल्या व्याख्या अशा वेळी उपयोगी पडत नाहीत. (स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक वाचक)

उत्तर : आपल्याला शब्दकोशात पाच जाती दिसल्या, याचा अर्थ त्या शब्दाला कायमची अशी एकही जात नाही. इंग्रजीत जात ठरते ती शब्द वाक्यात कोणते काम करतो यावरून, आणि वाक्याबाहेर काढलेल्या सुट्या शब्दाची जात विचारणे हाच मुळात अपुरा प्रश्न आहे. 'अ राउंड टेबल' मध्ये हा शब्द टेबलाविषयी अधिक माहिती सांगतो, म्हणून तो विशेषण आहे. 'द फर्स्ट राउंड वॉज ईझी' मध्ये त्याच्याविषयी विधान केले आहे आणि त्याच्याआधी 'द' आले आहे, म्हणून तो नाम आहे. 'द कार राउंडेड द कॉर्नर' मध्ये त्याला काळाचा प्रत्यय लागला आहे, म्हणून तो क्रियापद आहे. 'शी टर्न्ड राउंड' मध्ये तो वळण्याची दिशा सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. आणि 'दे सॅट राउंड द टेबल' मध्ये तो 'द टेबल' या नामाला हाताशी धरून उभा आहे, म्हणून शब्दयोगी अव्यय.

व्याख्या उपयोगी पडत नाहीत, ही आपली तक्रार रास्त आहे. 'क्रिया दाखवतो तो शब्द क्रियापद' असे म्हटले, तर 'अरायव्हल' आणि 'डिस्ट्रक्शन' यांत क्रिया उघड दिसत असूनही ती नामे आहेत. उलट 'बिलाँग', 'रिझेम्बल', 'नो' यांत हालचालीचा मागमूस नसूनही ती क्रियापदे आहेत. म्हणून अर्थावर भिस्त न ठेवता शब्दाला कसाला लावावे. त्याच्याआधी 'द' किंवा 'माय' घालता येतो का आणि त्याचे अनेकवचन होते का, हे पाहिले की बहुतेक नामे सापडतात. वाक्याचा काळ बदलल्यावर शब्दाचे रूप बदलत असेल, तर तो क्रियापद. 'द' आणि नाम यांच्या मधल्या जागेत बसत असेल आणि 'सीम्स' नंतरही शोभत असेल, तर तो विशेषण.

ही कसोटी अर्थाशिवायही चालते, हे एका वाक्यावरून दाखवता येईल. हे वाक्य मुद्दाम अर्थहीन शब्दांचे बनवले आहे : 'द ब्लिमी ट्रॉग्ज ग्रेव्ह्ड अ फेंडल स्निबली.' यातला 'ट्रॉग' म्हणजे काय हे कोणालाच माहीत नाही, तरीही ट्रॉग एकापेक्षा जास्त आहेत, ते ब्लिमी आहेत, त्यांनी भूतकाळात फेंडलला काहीतरी केले आणि ते स्निबली पद्धतीने केले, एवढे इंग्रजी जाणणारा कोणीही सांगू शकेल. 'द' आणि 'अ' यांनी नामांची चाहूल दिली, शेवटच्या 'ज'ने अनेकवचन सांगितले, 'ड'ने भूतकाळ सांगितला, 'ली'ने रीत सांगितली, आणि उरलेले सर्व शब्दांच्या क्रमाने सांगितले. शब्दाचा अर्थ माहीत असतो तेव्हाही आपले मन हेच काम करत असते. अर्थ समोर असल्यामुळे ते जाणवत नाही, एवढेच.

प्रश्न : 'वन ऑफ द विंडोज इज ब्रोकन' या वाक्यात 'विंडोज' हे अनेकवचन 'इज' ला अगदी चिकटून आलेले असताना 'आर' का येत नाही? वाक्य लांब असले की खरा कर्ता कोणता, हे खात्रीने कसे ओळखावे? (एक शिक्षक)

उत्तर : क्रियापद शेजाऱ्याचे ऐकत नाही, कर्त्याचे ऐकते. येथे कर्ता 'वन' आहे. 'ऑफ द विंडोज' हा शब्दसमूह 'वन' विषयी माहिती देण्यासाठी आला आहे. शब्दयोगी अव्ययामागून आलेले नाम त्या वाक्याचा कर्ता होऊ शकत नाही, हा नियम इंग्रजीत फार उपयोगी पडतो. 'द कीज ऑफ द रूम आर ऑन द टेबल' मध्ये नेमके उलटे घडले आहे : जवळचे 'रूम' एकवचनी आहे, पण कर्ता 'कीज' असल्यामुळे 'आर' आले.

लांब वाक्यात कर्ता शोधायला निघण्याआधी क्रियापद शोधावे, असा आमचा आग्रह आहे. 'द बॉय इन द ब्लू शर्ट नोज द आन्सर' हे वाक्य घ्या आणि ते कालचे करून पाहा. 'नोज' चे 'न्यू' झाले, बाकी एकही शब्द हलला नाही. म्हणजे 'नोज' हे क्रियापद. आता याच वाक्याचा हो किंवा नाही असे उत्तर येणारा प्रश्न करा : 'डझ द बॉय इन द ब्लू शर्ट नो द आन्सर?' 'डझ' आणि 'नो' यांच्या मध्ये जे अडकले, म्हणजे 'द बॉय इन द ब्लू शर्ट', तो सगळा कर्ता. वाक्यात 'कॅन', 'विल', 'इज', 'हॅज' असे साहाय्यकारी क्रियापद आधीच असेल, तर प्रश्न करताना तेच कर्त्याला ओलांडून पुढे येते आणि ज्याला ओलांडले तो कर्ता असतो.

विद्यार्थ्यांना ही युक्ती पटवून द्यायची असेल, तर 'द मॅन हू इज स्टँडिंग निअर द गेट इज अ टीचर' हे वाक्य फळ्यावर लिहावे. यात 'इज' दोनदा आले आहे. प्रश्न करताना पहिले 'इज' उचलले, तर 'इज द मॅन हू स्टँडिंग निअर द गेट इज अ टीचर' असे मोडके वाक्य तयार होते; दुसरे उचलले, तर 'इज द मॅन हू इज स्टँडिंग निअर द गेट अ टीचर' असा सरळ प्रश्न मिळतो. याचाच अर्थ, मुख्य क्रियापद दुसरे 'इज' आहे आणि त्याच्याआधीचे आठही शब्द, पोटातल्या उपवाक्यासकट, मिळून एकच कर्ता आहेत.

मराठी भाषकाला कर्ता शोधताना आणखी एक अडचण येते, ती येथेच नोंदवतो. 'मुलाने चिठ्ठी वाचली' या वाक्यात आपले क्रियापद चिठ्ठीप्रमाणे चालते, मुलाप्रमाणे नव्हे; आणि 'मला हे गाणे आवडते' मध्ये ज्याला आवडते तो 'मला' असा आडून उभा असतो. त्यामुळे क्रियापद ज्याच्याप्रमाणे बदलते ते आणि क्रिया करणारा, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, अशी सवय आपल्या कानाला असते. इंग्रजीत कर्तरी वाक्याच्या क्रियापदाला असा पर्याय नाही. 'द बॉय रीड्स द लेटर्स' मध्ये पत्रे एक असोत वा शंभर, 'रीड्स' हे 'बॉय' च्या एकवचनाप्रमाणेच राहते, आणि आवडणाऱ्याला 'आय लाइक दिस साँग' असे कर्त्याच्या जागेवर येऊन उभे राहावे लागते. शिवाय मराठीत 'येतो' एवढ्यावर वाक्य पूर्ण होते, पण इंग्रजीत आज्ञार्थ सोडला तर कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. म्हणूनच 'इट इज रेनिंग' मध्ये कोणत्याही वस्तूकडे बोट न दाखवणारे 'इट' केवळ जागा भरण्यासाठी येते. 'देअर आर थ्री बुक्स ऑन द टेबल' मध्ये 'देअर' ने जागा भरली आहे, पण क्रियापदाचे वचन मागून आलेल्या 'थ्री बुक्स' ने ठरवले आहे.

प्रश्न : 'ही बिकेम अ डॉक्टर' या वाक्यात 'डॉक्टर' हे कर्म का नाही? काय झाला, असे विचारले तर 'डॉक्टर' हेच उत्तर येते. (दहावीतील विद्यार्थ्याचे पालक)

उत्तर : 'काय' या प्रश्नाने कर्म सापडते, असे सांगण्याची पद्धत आहे, पण ही पद्धत अर्धवट आहे. 'ही मेट अ डॉक्टर' आणि 'ही बिकेम अ डॉक्टर' ही वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वाक्यात दोन माणसे आहेत, एक भेटणारा आणि एक भेटलेला डॉक्टर. दुसऱ्यात माणूस एकच आहे. 'अ डॉक्टर' हे शब्द त्याच्याचविषयी काहीतरी सांगून वाक्य पुरे करतात, म्हणून त्यांना कर्म न म्हणता पूरक म्हणतात. अर्थाचा हा फरक रचनेतही उमटतो. पहिल्या वाक्याचा कर्मणी प्रयोग होतो : 'अ डॉक्टर वॉज मेट बाय हिम'. तो कानाला थोडा अवघडलेला वाटेल, पण अशुद्ध नाही. दुसऱ्याचा कर्मणी प्रयोग होऊच शकत नाही. वर दिलेल्या अर्थहीन वाक्यातला 'फेंडल' सुद्धा या कसोटीला उतरतो, कारण 'अ फेंडल वॉज ग्रेव्ह्ड बाय द ब्लिमी ट्रॉग्ज' असे निःशंकपणे म्हणता येते.

पूरक घेणारी क्रियापदे मोजकी आहेत : 'बी', 'बिकम', 'सीम', 'रिमेन', आणि 'लुक', 'साउंड', 'स्मेल', 'फील' यांसारखी ज्ञानेंद्रियांशी निगडित असलेली. मात्र यांतली काही क्रियापदे दोन्हीकडे वावरतात, आणि चुका तेथेच होतात. 'द बेल साउंडेड स्ट्रेंज' मध्ये 'स्ट्रेंज' हे पूरक आहे; 'द गार्ड साउंडेड द बेल' मध्ये 'द बेल' हे कर्म आहे. 'शी लुक्ड अँग्री' मध्ये 'लुक्ड' च्या जागी 'वॉज' घातले तरी वाक्य उभे राहते, म्हणून पुढे विशेषण आले. 'शी लुक्ड अँग्रिली ॲट द डोअर' मध्ये पाहण्याची रीत सांगितली आहे, 'लुक्ड' ऐवजी 'वॉज' चालत नाही, म्हणून क्रियाविशेषण आले. 'आय फील बॅड' की 'आय फील बॅडली' हा नेहमीचा गोंधळही याच कसोटीने सुटतो : स्वतःची अवस्था सांगायची असेल तेव्हा 'आय ॲम बॅडली' असे आपण म्हणत नाही, म्हणून 'आय फील बॅड'.

आता मूळ साच्यांविषयी. चार्ल्स टॅल्बट ओनियन्स या इंग्रज भाषाभ्यासकाने 1904 साली विधेयाचे जे पाच प्रकार मांडले, तेच पुढे शाळांतून वाक्याचे पाच साचे म्हणून रूढ झाले : नुसते क्रियापद, क्रियापद आणि पूरक, क्रियापद आणि कर्म, क्रियापद आणि दोन कर्मे, क्रियापद, कर्म आणि त्या कर्माचे पूरक. यांपैकी पहिल्या तिघांत फारशी अडचण येत नाही. शेवटचे दोन मात्र वरवर अगदी सारखे दिसतात, आणि आमच्या मते या विषयातला सर्वांत आनंद देणारा भाग तोच आहे. 'शी मेड हिम अ शर्ट' आणि 'दे मेड हिम कॅप्टन' ही वाक्ये पाहा. पहिल्यात 'हिम' आणि 'शर्ट' या दोन निराळ्या गोष्टी आहेत, म्हणून दोन कर्मे; 'शी मेड अ शर्ट फॉर हिम' असे ते फिरवताही येते. दुसऱ्यात 'हिम' म्हणजेच 'कॅप्टन', म्हणून कर्म आणि त्याचे पूरक. 'फॉर हिम' घालून ते फिरवले तर मूळ अर्थ पार नाहीसा होतो. त्याचप्रमाणे 'ही फाउंड द बुक ईझी' म्हणजे त्याला पुस्तक सोपे वाटले, आणि 'ही फाउंड द बुक ईझिली' म्हणजे त्याला पुस्तक सहज सापडले. शेवटच्या एका शब्दाची जात बदलल्याबरोबर वाक्याचा साचा बदलला आणि 'फाउंड' या क्रियापदाचा अर्थसुद्धा बदलला.

वेळ, स्थळ, रीत सांगणारे शब्द साच्यात सहसा मोजत नाहीत, कारण ते काढले तरी वाक्य उभे राहते. पण 'शी पुट द की ऑन द टेबल' मधून 'ऑन द टेबल' काढले, तर 'शी पुट द की' हे वाक्य लंगडे पडते. अशी वाक्ये ध्यानात घेऊन रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचांऐवजी सात साचे मानले, त्यांतल्या जादा दोन साच्यांत स्थळ किंवा तत्सम माहिती अनिवार्य असते. शाळेच्या परीक्षेत पाच साचे पुरतात; भाषा समजून घ्यायची असेल, तर सात जास्त प्रामाणिक आहेत.

प्रश्न : शेवटी 'इंग' असलेला शब्द क्रियापद मानावा, नाम मानावा की विशेषण? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : तिन्ही शक्य आहेत. 'द बॉय इज स्विमिंग' मध्ये 'इज' च्या सोबतीने तो क्रियापदाचा भाग झाला आहे. 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज' मध्ये तो कर्त्याच्या जागी आहे, म्हणजे धातुसाधित नाम. 'द स्लीपिंग चाइल्ड' मध्ये तो धातुसाधित विशेषण. 'स्लीपिंग बॅग' मध्ये मात्र पिशवी झोपलेली नसते, ती झोपण्यासाठी असते. म्हणून तेथे 'स्लीपिंग' हे नाम दुसऱ्या नामाला जोडले आहे. हा फरक उच्चारातही ऐकू येतो. 'स्लीपिंग बॅग' म्हणताना जोर पहिल्या शब्दावर पडतो, 'स्लीपिंग चाइल्ड' मध्ये दुसऱ्या शब्दावरही तो स्पष्टपणे पडतो.

याहून बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट अशी, की धातुसाधित नाम बाहेरच्या जगाशी नामासारखे वागते आणि स्वतःच्या घरात क्रियापदच राहते. 'शी एन्जॉइज रीडिंग नॉव्हेल्स क्विकली' मध्ये 'रीडिंग' हा 'एन्जॉइज' च्या कर्माचा आधार आहे, पण त्याला स्वतःचे 'नॉव्हेल्स' हे कर्म आहे आणि 'क्विकली' हे क्रियाविशेषणही आहे. 'द क्विक रीडिंग ऑफ नॉव्हेल्स' म्हटले, की ते पूर्ण नाम झाले : आधी 'द' आले, 'क्विकली' चे विशेषण झाले, आणि कादंबऱ्यांना जोडण्यासाठी 'ऑफ' ची गरज पडली. या दोन रचनांची सरमिसळ करून 'द क्विकली रीडिंग नॉव्हेल्स' असे लिहिलेले अनेकदा आढळते, ते टाळावे.

प्रश्न : 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू' हे चूक आणि 'टु मीटिंग यू' हे बरोबर, असे सांगतात. पण 'टु' नंतर मूळ धातू येतो, असेच आम्ही शिकलो आहोत. (कार्यालयात पत्रव्यवहार करणारे एक वाचक)

उत्तर : 'टु' दोन आहेत. 'आय वाँट टु मीट यू' मधला 'टु' धातूची खूण आहे, त्याच्यामागून मूळ धातूच येतो. 'लुक फॉरवर्ड टु' मधला 'टु' शब्दयोगी अव्यय आहे आणि त्याला नामच लागते. दोघांना ओळखायचे, तर पुढे साधे नाम ठेवून पाहावे. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु द मीटिंग' हे चालते, म्हणून तेथे क्रियापद आणायचे झाल्यास ते 'इंग' लावून नामाच्या रूपातच आणावे लागते. 'आय वाँट टु द मीटिंग' हे चालत नाही. 'शी यूज्ड टु लिव्ह अलोन' म्हणजे ती पूर्वी एकटी राहत असे, आणि 'शी इज यूज्ड टु लिव्हिंग अलोन' म्हणजे तिला एकटे राहण्याची सवय आहे. तेथेही हाच भेद आहे.

प्रश्न : 'आफ्टर', 'सिन्स' आणि विशेषतः 'दॅट' यांची जात प्रत्येक वाक्यात बदलते. काही ठाम खूण आहे का? (एक वाचक)

उत्तर : आहे. शब्दाच्या पुढे काय येते ते पाहावे. पुढे केवळ नाम असेल, जसे 'आफ्टर द क्लास', तर शब्दयोगी अव्यय. पुढे स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असलेले उपवाक्य असेल, जसे 'आफ्टर द क्लास एंडेड', तर उभयान्वयी अव्यय. पुढे काहीच नसेल, जसे 'वी हॅव नॉट मेट सिन्स', तर क्रियाविशेषण.

'दॅट' साठी मागेपुढे दोन्हीकडे पाहावे लागते. 'दॅट बुक इज ओल्ड' मध्ये तो नामाकडे बोट दाखवतो आणि 'दॅट इज माय हाउस' मध्ये नामाच्या जागी उभा राहतो, येथपर्यंत सोपे आहे. 'इट इज नॉट दॅट डिफिकल्ट' मध्ये तो विशेषणाची मात्रा सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. अडते ते 'द न्यूज दॅट ही ब्रॉट वॉज फॉल्स' आणि 'द न्यूज दॅट ही रिझाइन्ड वॉज फॉल्स' या जोडीत. पहिल्यात 'ब्रॉट' ला कर्म हवे आहे आणि ते 'दॅट' च्या रूपाने मिळाले आहे, म्हणून तेथे तो संबंधी सर्वनाम आहे. त्याच्याऐवजी 'व्हिच' चालतो. दुसऱ्यात 'ही रिझाइन्ड' हे स्वतःच पूर्ण आहे, 'दॅट' ला आत काही काम नाही, तो केवळ दुवा आहे, म्हणून उभयान्वयी अव्यय. तेथे 'व्हिच' चालत नाही. मागून येणाऱ्या उपवाक्यात काही कमी पडते आहे का, एवढे विचारले की पुरे.

प्रश्न : शेवटी 'ली' असलेला प्रत्येक शब्द क्रियाविशेषण असतो का?

उत्तर : नाही. नामाला 'ली' लागून बनलेले 'फ्रेंडली', 'कॉस्टली', 'डेली' यांसारखे शब्द विशेषणे आहेत. विशेषणाला 'ली' लागले, की बहुधा क्रियाविशेषण होते. 'फास्ट' आणि 'हार्ड' यांना मात्र प्रत्यय न लागताच दोन्ही कामे करता येतात, आणि 'हार्डली' चा अर्थ 'जेमतेम' असा पूर्ण वेगळा आहे. 'ही वर्क्ड हार्ड' च्या जागी 'ही हार्डली वर्क्ड' लिहिले, तर कौतुकाची निंदा होते.

प्रश्न : शब्दांच्या जाती आठ की नऊ? दोन पुस्तकांत दोन आकडे आढळतात. (निवृत्त शिक्षिका)

उत्तर : आकडा मोजणाऱ्याच्या सोयीवर अवलंबून राहिला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावे असलेल्या ग्रीक व्याकरणात आठ जाती आहेत, पण त्या आपल्या आठ नव्हेत : त्यांत उपपद आणि धातुसाधित स्वतंत्र आहेत आणि विशेषण नामातच सामावले आहे. लॅटिनमध्ये उपपद नाही, म्हणून लॅटिन वैयाकरणांनी ते गाळले आणि केवलप्रयोगी अव्यय वेगळे काढून आठाचा आकडा राखला. रॉबर्ट लोथ यांनी 1762 मध्ये आणि लिंडली मरे यांनी 1795 मध्ये इंग्रजीसाठी नऊ जाती दिल्या. त्यांत विशेषण स्वतंत्र होते आणि 'अ', 'ॲन', 'द' यांचीही निराळी जात होती. ही उपपदे विशेषणांत घातली, की आठ उरतात. आपल्या दोन पुस्तकांतला फरक बहुधा एवढाच असेल.

आजचे वैयाकरण 'द', 'अ', 'दिस', 'माय', 'एव्हरी' यांचा वेगळा गट करतात, आणि त्याला सबळ कारण आहे. विशेषणे एकापुढे एक रचता येतात, जसे 'अ बिग ओल्ड रेड बुक'. पण 'द माय बुक' किंवा 'अ दिस बुक' असे म्हणता येत नाही, कारण या शब्दांना नामासमोर एकच जागा आहे आणि ती एकालाच मिळते. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकाचा आकडा लिहावा. शिकवताना मात्र ही जागा दाखवावी.

प्रश्न : सोपी वाक्ये जमतात, पण मोठ्या मिश्र वाक्यात वाट हरवते. पृथक्करण कोठून सुरू करावे? (पदवीचा एक विद्यार्थी)

उत्तर : काळ दाखवणारी क्रियापदे मोजण्यापासून. 'द लेटर्स दॅट द क्लार्क हू सॅट बाय द विंडो रोट एव्हरी मॉर्निंग रिच्ड पीपल ही हॅड नेव्हर मेट' हे वाक्य घेऊ. यात 'सॅट', 'रोट', 'रिच्ड' आणि 'हॅड मेट' अशी चार क्रियापदे आहेत, म्हणजे चार उपवाक्ये आहेत. चार उपवाक्ये जोडायला तीन दुवे लागतात. 'दॅट' आणि 'हू' हे दोन समोर आहेत. तिसरा 'पीपल' आणि 'ही' यांच्या मध्ये गाळलेला आहे, कारण संबंधी सर्वनाम आपल्या उपवाक्यात कर्म असेल, तर इंग्रजीत ते गाळता येते. आता प्रत्येक क्रियापदाला त्याचा कर्ता द्यावा : बसला तो 'हू', म्हणजे कारकून, लिहिली ती त्याच कारकुनाने, भेटला नव्हता तो 'ही'. उरलेल्या 'रिच्ड' ला उरलेला कर्ता 'द लेटर्स' मिळतो, आणि 'द लेटर्स रिच्ड पीपल' हे तीन कामांचे साधे वाक्य, म्हणजे कर्ता, क्रियापद आणि कर्म, हाती येते. बाकीचे सगळे या दोन नामांविषयीची माहिती आहे.

ही मोजणी करताना एक सावधगिरी बाळगावी लागते, कारण 'ड' ने संपणारे प्रत्येक रूप काळ दाखवतेच असे नाही. थॉमस बीव्हर या मानसभाषाशास्त्रज्ञाने 1970 मध्ये दिलेले 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल' हे वाक्य यासाठी प्रसिद्ध आहे. वाचणारा 'रेस्ड' ला क्रियापद समजून घोडा धावला असा अर्थ लावत 'बार्न' पर्यंत निश्चिंत जातो आणि 'फेल' ला अडखळतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांपैकीही अनेकांना हे वाक्य प्रथम चुकीचे वाटते. येथे काळ बदलण्याची कसोटी पुन्हा लावावी. 'फेल' चे 'फॉल्स' केले, तर वाक्य टिकते. 'रेस्ड' चे 'रेसेस' केले, तर 'द हॉर्स रेसेस पास्ट द बार्न फेल' असे मोडलेले वाक्य तयार होते. म्हणजे क्रियापद एकच, 'फेल'. 'रेस्ड पास्ट द बार्न' हे 'हॉर्स' चे धातुसाधित विशेषण आहे आणि अर्थ असा, की कोठारापुढून जो घोडा पळवला गेला तो पडला. 'रेस' ऐवजी 'राइड' हे क्रियापद वापरून 'द हॉर्स रिडन पास्ट द बार्न फेल' असे लिहिले असते, तर ही फसगत झाली नसती, कारण 'राइड' चा भूतकाळ 'रोड' आणि धातुसाधित 'रिडन' अशी दोन निराळी रूपे आहेत, आणि 'रेस' च्या बाबतीत दोन्ही कामे एकाच रूपाला करावी लागतात.